बिनसोड्याचा वडा, कडक भाकरीचा पिझ्झा: पोरांच्या संध्याकाळच्या भुकेसाठी

कॉलेज दुपारी सुटतं, क्लास साडेपाचला सुरू होतो. मधल्या वेळात सोळा वर्षांच्या पोराला जी भूक लागते ती सफरचंदाच्या फोडींनी भागत नाही. आपल्या सोलापुरात पार्क चौकापासून सात रस्त्यापर्यंत या भुकेची सोय पावलोपावली आहे. वडापाव आहे, चायनीजची गाडी आहे, चीज किसून घातलेलं काहीही आहे. त्याला उत्तर म्हणून घरी उकडलेल्या मुगाची वाटी पुढे केली तर ती तशीच परत येते, आणि यात पोराचं फारसं चुकत नाही.

या वयातली मुलं बाहेर खातात ती कुरकुरीतपणासाठी, तिखट-आंबट चवीसाठी आणि चीजच्या तारेसाठी. मैद्यासाठी कोणी खात नाही. त्यामुळे पदार्थ सुधारायला घेताना चव देणाऱ्या जिनसांना हात लावायचा नाही, नुसतं भरताड असलेल्या जिनसा बदलायच्या. वड्यातला ठेचा, पिझ्झ्यावरचं चीज, मंच्युरियनमधला लसूण ही चव. पाव, निम्मा बटाटा, मैद्याचा जाड थर आणि गरज नसताना मुरलेलं तेल हे भरताड. उलटं केलं, म्हणजे वडा बेचव करून पाव तोच ठेवला, की मूल दुसऱ्या दिवशी गाडीवर जातं.

गरज किती, तेही आधी बघून घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे १३ ते १५ वयात मुलाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम आणि मुलीला ४३ ग्रॅम प्रथिनं लागतात. १६ ते १८ मध्ये हेच आकडे ५५ आणि ४६ होतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये ९. वरण आणि भाकरी धरली तर हिशेब घरच्या घरी जमतो. प्रथिनांची पावडर आणून देण्याची गरज बहुतेक मुलांना नसते. जिमला जाणाऱ्यांनाही आधी ताटातली उसळ दुप्पट करून बघायला हरकत नाही.

वडा

वड्याची बदनामी तेलामुळे झाली, पण नीट तळलेला वडा माणूस समजतो तेवढं तेल पीत नाही. पिणारा वडा बिघडलेला असतो, आणि तो का बिघडतो हे कळलं की निम्मं काम होतं.

आठ वड्यांसाठी ३०० ग्रॅम बटाटे, म्हणजे मध्यम आकाराचे चार, आणि एक वाटी मोड आलेली मटकी घ्यायची. बटाटे सालासकट, अख्खे उकडायचे. चिरून उकडले की पाणी पितात आणि सारण ओलं होतं. पूर्ण गार झाल्यावर किसायचे. गरम असताना कुस्करले तर चिकट गोळा होतो. मटकी कुकरमध्ये अगदी थोड्या पाण्यात एक शिट्टी, मग चाळणीवर दहा मिनिटं निथळत ठेवायची आणि वाटीच्या बुडाने अर्धवट ठेचायची. हे निथळणं टाळू नका. मटकीत राहिलेल्या पाण्याची तेलात वाफ होते, आवरण फुटतं आणि सारण कढईभर पसरतं.

दोन चमचे तेलात मोहरी, कढीपत्ता, हळद, त्यात पाच हिरव्या मिरच्या, दहा लसूण पाकळ्या आणि इंचभर आल्याचा ठेचा. मटकीला स्वतःची गोडसर चव असते, म्हणून ठेचा नेहमीपेक्षा थोडा सढळ. मीठ, भरपूर कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस. आवरणाला एक वाटी बेसन, दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ, ओवा, हळद, मीठ आणि अर्धी वाटी पाणी. लागलं तर अजून दोन-तीन चमचे. पिठात बोट बुडवून काढल्यावर बोट दिसता कामा नये. ज्वारीच्या पिठाने आवरण खुटखुटीत राहतं.

सोडा घालायचा नाही. सोड्याने आवरणात बारीक भोकं पडतात आणि तेल त्यांतूनच आत शिरतं. तेही मुख्यतः तळताना नव्हे. वडा तेलात असतो तोवर आतली वाफ बाहेर येत असते आणि तेलाला थोपवून धरते. तो बाहेर काढला की वाफ निवते, आत पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून काढल्यावरची पहिली मिनिटभराची वेळ महत्त्वाची. झाऱ्यावर धरून कढईवरच दहा-पंधरा सेकंद हलवायचं आणि लगेच जाळीवर ठेवायचं. परातीत एकावर एक रचलेले वडे आपल्याच तेलात बसतात, आणि वाफेने मऊ पडतात ते वेगळंच.

तेल १७५ अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब सोडून बघा. तो तळाशी न थांबता लगेच वर आला आणि वीसेक सेकंदांत सोनेरी झाला तर ठीक. तळाशीच बसून राहिला तर तेल थंड आहे, आणि थंड तेलातला वडा सर्वांत जास्त तेल पितो. अर्धा लिटर तेलात एका वेळी तीन-चारच वडे. आठही एकदम सोडले की तेलाचं तापमान धाडकन उतरतं.

तळायचंच नसेल तर आप्पेपात्र. पीठ जरा घट्ट, दर खळग्यात पाव चमचा तेल, वडे लहान. मंद आचेवर झाकून चार मिनिटं, उलटून झाकण न ठेवता तीन मिनिटं. आच मोठी ठेवली तर वरून रंग येतो आणि आत बेसन कच्चं राहतं. तोंडात जो कचवट वास येतो तो त्याचाच. एअर फ्रायरमध्ये पातळ पिठातला वडा टाकू नका, पीठ जाळीतून गळतं. तिथे सारणाचे चपटे गोळे करायचे, पिठाच्या पातळ थरात बुडवून ज्वारीच्या पोह्यांच्या किंवा टोस्टच्या चुऱ्यात घोळवायचे, ब्रशने तेल लावायचं आणि १८० अंशांवर बारा ते चौदा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. याला वडा म्हणायचं की कटलेट हा वाद घरात होणार. कटलेटच म्हणा, म्हणजे तुलना होत नाही.

आता पाव. माझ्या मते वडापावातली खरी अडचण तीच आहे, कारण भूक मोठी असली की पोरं वड्याच्या आधी पावच वाढवून घेतात. घरी दोन वडे आणि एक पाव असं प्रमाण ठेवा. पाव मधून चिरून तव्यावर कोरडा भाजला की कमी पावातही कुरकुर मिळते. ‘ब्राउन’ लिहिलेला पाव आणाल तर घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो तपकिरी रंगाचा मैदाच.

तळून उरलेलं तेल गाळून बाटलीत भरा आणि दोन-तीन दिवसांत फोडणीत संपवा. त्यात नवं तेल ओतून पुन्हा तळणीला घेऊ नका. गरम करताना फेस येत असेल, लवकर धूर येत असेल किंवा हाताला चिकट लागत असेल तर ते फोडणीलाही नको. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांत तळणीच्या तेलातल्या बिघडलेल्या संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा आहे. घरी ते मोजायची सोय नसते, म्हणून नाक आणि डोळे वापरायचे.

कडक भाकरीचा पिझ्झा

सोलापूरकरांच्या हाताशी पिझ्झ्याचा तयार बेस आहे आणि आपण तो फक्त शेंगा चटणीबरोबर खातो. कडक भाकरी पातळ असते, आधीच भाजून वाळवलेली असते, पाकिटात आठवडे टिकते आणि तिच्यात ज्वारीखेरीज फारसं काही नसतं. बाजरीचीही मिळते, पण पिझ्झ्याला ज्वारीचीच घ्या. बाजरीची चव टोमॅटोवर मात करते.

सॉस आधी. अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, सहा लसूण पाकळ्या, एक चमचा तेल, एक चमचा ब्याडगी मिरचीची पूड, मीठ आणि दोन चिमटी चुरडलेला ओवा. ओरेगॅनोची पुडी नसेल तर ओव्यावर काम भागतं, दोन्हींचा वास जवळचा आहे. टोमॅटो किसून, सालं टाकून, उघड्या कढईत वीस-पंचवीस मिनिटं आटवायचे. डावाने तळ खरवडला की मधे वाट पडली पाहिजे आणि दोन्हीकडून पाणी वाहत येता कामा नये. जेमतेम वाटीभर सॉस होतो. चार भाकऱ्यांना पुरतो. बाटलीतल्या केचपमध्ये साखर आणि मीठ दोन्ही भरपूर, म्हणून हा वीस मिनिटांचा खटाटोप.

पहिल्यांदा करणाऱ्यांची भाकरी हमखास मऊ पडते, कारण सगळे सॉस खाली लावतात. कडक भाकरीला ओल सोसत नाही. तिच्यावर आधी किसलेल्या चीजचा पातळ थर पसरायचा, तो वितळून ओल अडवतो. त्यावर सॉसचे ठिपके, मग कांदा, ढोबळी मिरची, कुस्करलेलं पनीर, आणि उरलेलं चीज वर. एका भाकरीला २५ ते ३० ग्रॅम मोझरेला आणि ४० ग्रॅम पनीर पुरेसं होतं. तार मोझरेलाची येते आणि पोट पनीरने भरतं. कांदा आणि ढोबळी मिरची आधी मोठ्या आचेवर मिनिटभर परतून गार करून घ्या. कच्च्या भाज्यांना वर पाणी सुटतं. टोमॅटोच्या चकत्या नकोतच.

जाड तवा मंद आचेवर, झाकण किंचित तिरकं. घट्ट झाकलं तर वाफेचं पाणी भाकरीवर टपकतं. चार-पाच मिनिटांत चीज वितळतं. बुडाला रंग चढायला लागला की उतरवा, कारण ही भाकरी आधीच भाजलेली आहे आणि करपायला तिला मिनिट पुरतं. करून ठेवून क्लासवरून येणाऱ्याची वाट बघायची सोय इथे नाही. सगळं तयार ठेवा आणि मूल हात-पाय धुवायला गेलं की तवा चढवा.

चीज घेताना पाकिटावर ‘अ‍ॅनालॉग’ हा शब्द आहे का बघा. असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. स्वस्त असतं, ताणलंही जातं, पण मग चीज देण्यामागचं कॅल्शियम-प्रथिनांचं गणित ढासळू शकतं.

ताज्या भाकरीचा बेस हवा असेल तर दोन भाग ज्वारीचं पीठ, एक भाग कणीक. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात मळायचं. पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच बांधून धरतो. भाकरी कडेने चिरत असेल तर हाताला दोष देण्याआधी पीठ चाखा. जुनं पीठ कडवट लागतं आणि फाटतं. उन्हाळ्यात दळण दहा दिवसांचंच आणावं. मंगळवेढ्याची मालदांडी जातीची ज्वारी मिळाली तर उत्तम, तिची भाकरी गोडसर आणि मऊ होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे ते उगाच नाही.

ज्वारीबद्दल अलीकडे जे जादूचे दावे चालतात त्यांत मात्र पडू नका. शंभर ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, तेवढाच तंतू आणि ४ मिलिग्रॅमच्या जवळपास लोह असतं. घरच्या कणकेचे आकडेही याच घरातले आहेत. खरी तफावत आहे ती मैद्याशी. मैद्यात तंतू ३ ग्रॅमच्याही आत आणि लोह निम्म्याहून कमी. शिवाय ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हा शरीराला लागणारा घटक कमी पडतो, म्हणून तिच्या जोडीला मटकी, हरभरा, दही किंवा पनीर लागतंच. नुसता बेस बदलून पिझ्झा पौष्टिक होत नाही.

कडक भाकरीचे नाचोसही होतात आणि पिझ्झ्यापेक्षा सोपे. भाकरी दोन-दोन इंचांच्या तुकड्यांत मोडायची, एका भाकरीला अर्धा चमचा तेल चोळायचं, मीठ-तिखट भुरभुरून तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं. बुडवायला एक वाटी टांगलेल्या दह्यात दोन मोठे चमचे शेंगा चटणी. वर उकडलेला राजमा आणि बिया काढलेल्या टोमॅटोची कोशिंबीर. हे सगळं वेगवेगळ्या वाट्यांत द्या. पोरांची टोळी आली असेल तर दर माणशी दीड भाकरी धरा. हुरड्याच्या दिवसांत राजम्याऐवजी कोवळा भाजलेला हुरडा घाला, पोरं मक्याचे दाणे विसरतील.

शेंगा चटणी

पीनट बटरची बाटली घरात येते आणि शेंगा चटणीचा डबा मागे सरकतो. हे उफराटं आहे. बऱ्याच बाटल्यांत साखर आणि वेगळं तेल घातलेलं असतं. चटणीत शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. संपलं.

पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर पंधरा मिनिटं भाजा. घाई केली तर साल काळं आणि दाणा आत कच्चा राहतो, आणि कच्च्या दाण्याला कुटताना तेल सुटत नाही. वीस लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, एक चमचा जिरं, सव्वा चमचा मीठ. खरी चटणी उखळातली, कारण कुटण्याने दाणा चेपला जातो आणि स्वतःचंच तेल सोडतो. मिक्सरमध्ये करायची तर दोन-दोन सेकंदांच्या झटक्यांनी, मधेमधे चमच्याने हलवत. सलग फिरवली की पाती तापतात, चटणीचा लगदा होतो आणि लसणाला उग्र वास येतो.

पोळीला चटणी आणि दही लावून, आत काकडीचे उभे काप घालून गुंडाळलं की फ्रँकीची जागा भरून निघते. डब्यात द्यायचं असेल तर काकडी वगळून कांदा घाला. फक्त प्रमाण सांभाळा. मूठभर दाण्यांत पंधरा ग्रॅमच्या आसपास तेल असतं, आणि सोलापुरी हात चटणीवर जसा मोकळा सुटतो तसा सुटू दिला तर हलकं खाणं जड होऊन बसतं.

नूडल्स आणि मंच्युरियन

झटपट नूडल्सची वडी बहुतेक वेळा तळून वाळवलेली असते, म्हणून ती दोन मिनिटांत शिजते, आणि म्हणूनच पाकिटावर स्निग्धांशाचा आकडा अनपेक्षित मोठा दिसतो. पण त्याहून महत्त्वाची ओळ सोडियमची. तिचा आकडा अडीचने गुणला की मीठ कळतं. समजा एका पाकिटाला ८०० मिलिग्रॅम लिहिलंय, तर ते २ ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आतली आहे, आणि अजून रात्रीचं जेवण बाकी आहे.

मसाल्याची पुडी निम्मी ते दोन तृतीयांश वापरा आणि कमी पडलेली चव लसूण, मिरीपूड आणि उतरवल्यावर पिळलेल्या लिंबाने भरून काढा. लिंबू गॅसवर असताना पिळू नका, कडू होतं. क्रम असा ठेवा: चमचाभर तेलात कांदा, गाजर, कोबी मोठ्या आचेवर दोन मिनिटं, मग पाकिटावर सांगितलंय त्याहून पाव वाटी कमी पाणी, कारण कोबीला स्वतःचं पाणी सुटतं, मग नूडल्स. शेवटी एक अंडं फोडून घोळवा किंवा अर्धी वाटी शिजवलेली मटकी घाला. एका पाकिटात दोघांचं होतं. भाज्या फार बारीक चिरू नका, लगदा होतो आणि मग ‘आईने काहीतरी लपवलंय’ असा संशय येतो. भाजी दिसू द्यावी, लपवू नये. लपवलेलं सापडलं की पुढच्या चांगल्या पदार्थावरचाही भरवसा जातो.

चायनीजच्या गाडीवरचं पहिलं खापर अजिनोमोटोवर फुटतं. त्यात सोडियम असतं, पण साध्या मिठाच्या सुमारे एक तृतीयांश. खरा मीठसाठा सोया सॉसमध्ये आहे. एका मोठ्या चमच्यातच साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम, आणि गाडीवर ते चमच्याने मोजत नाहीत. दुसरी गोष्ट रंगाची. मार्च २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी केली. लाल रंगासाठी तिकडचीच ब्याडगी मिरची आहे की. पाच-सहा मिरच्या, बिया काढून, गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाटल्या की तिखटपणा बेताचा आणि रंग डोळ्यात भरणारा येतो.

चौघांच्या मंच्युरियनला दोन वाट्या बारीक चिरलेला कोबी, एक किसलेलं गाजर, अर्धा चमचा मीठ. दहा मिनिटांनी घट्ट पिळून घ्या आणि ते पाणी फेकू नका, रश्शाला वापरा. त्यात मीठ आलेलंच असतं, त्यामुळे रश्शात वेगळं मीठ घालायचं नाही. पिळलेल्या कोबीत तीन मोठे चमचे ज्वारीचं पीठ, दोन बेसन, दोन कॉर्नफ्लोअर, आलं-लसूण, मिरी. गोळे वळत नसतील तर कोबी नीट पिळला गेला नाही; पीठ वाढवत बसलात तर गोळे दगडासारखे होतील, त्यापेक्षा पुन्हा पिळा. आप्पेपात्रात थोड्या तेलावर आठ-दहा मिनिटं, सगळ्या बाजूंनी फिरवत. रस्सा: दोन चमचे तेलात भरपूर लसूण, कांद्याची पात, ब्याडगीचं वाटण, एकच मोठा चमचा सोया सॉस, दोन चमचे व्हिनेगर, कोबीचं पाणी, आणि थंड पाण्यात कालवलेलं एक चमचा कॉर्नफ्लोअर. गोळे ताटात वाढतानाच रश्शात टाका. तळलेले नसल्यामुळे ते पाच मिनिटांत रस्सा पिऊन फुगतात.

पावभाजीचं थोडक्यात. बटाटा एक तृतीयांश, बाकी फ्लॉवर, दुधी, गाजर, आणि अर्धी वाटी मसूर डाळ त्यातच शिजवलेली. डाळीने भाजीला दाटपणा येतो आणि बटाट्याची आठवण होत नाही. रंगाला बीटची एक फोड, जास्त नको, गोड लागतं. फोडणी तेलाची करा आणि लोणी शेवटी, ताटात, एक चमचा. लोण्याचा वास वरच्या थरातूनच नाकात जातो; फोडणीतलं पन्नास ग्रॅम लोणी कुणाला कळतही नाही.

कुरकुरीत आणि फसफसतं

चिप्सच्या पुडीला चुरमुरे हे आपलं जुनं उत्तर. शंभर ग्रॅम चुरमुरे आधी कोरडेच भाजा, बोटांत चुरा झाला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये तासभर गच्चीवरच्या उन्हात ठेवले तरी तेच होतं. दोन मोठे चमचे तेलात शेंगदाणे, डाळवं, लसूण, कढीपत्ता. गॅस बंद करून मग हळद-तिखट, नाहीतर तिखट जळून चिवडा काळपट होतो. चुरमुऱ्यांना बहुतेक वेळा मीठ असतंच, एक चाखून मगच वरून घाला. भूक मोठी असेल तर सुशीला करा: चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे, फोडणीत परतायचे, वर डाळव्याचं कूट आणि लिंबू. दहा मिनिटांचं काम.

कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच चमच्यांहून जास्त. पुरे म्हणावी अशी दिवसाची साखर साधारण २५ ग्रॅम; ती एका बाटलीत संपली. बेचाळीस अंशांच्या उन्हातून आलेल्या मुलाला ताक द्यावं हे खरं, पण त्याला हवा असतो तो घशाला लागणारा झटका. तो साध्या सोड्यातून मिळतो. ग्लासात लिंबाचा रस किंवा कोकम आगळ, एक चमचा साखर, चिमूट जिरेपूड आणि मीठ, दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या, मग बर्फ, मग गार सोडा ग्लासच्या कडेने हळूच. मीठ वरून टाकलं तर सगळं फसफसून ओट्यावर येतं. आगळाला आधीच मीठ असतं, तिथे वेगळं नको. परीक्षेच्या दिवसांत एनर्जी ड्रिंकचे डबे घरात शिरतात. त्यांच्यावर लहान मुलांसाठी नाही असं छापलेलं असतं. नियमाप्रमाणे त्यात लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन असू शकतं. रात्री जागवतं, सकाळी पेपरला झोप आणतं.

मुलींच्या लोहाचं

हे वेगळं लिहायला हवं, कारण पिझ्झा-वड्याच्या गप्पांत ते निसटतं. १३ ते १५ वयात मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं आणि १६ नंतर ३२. त्याच वयाच्या मुलांना २२ आणि २६. पाळी सुरू झालेली, जेवण मात्र भावापेक्षा कमी, असं अनेक घरांत दिसतं.

इथे डाळिंबाचं नाव लगेच निघतं. सोलापूरचं डाळिंब नावाजलेलं आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही २००५ पासून इथेच आहे, आणि फळ म्हणून ते जरूर खावं. पण शंभर ग्रॅम दाण्यांत लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्याही आत असतं. लाल रंगावरून रक्ताचा हिशेब करू नका. लोह बाजरी, अळीव, मटकी, हरभरा, राजगिऱ्याचा पाला यांतून येतं आणि ते अंगी लागायला जोडीला क जीवनसत्त्व लागतं. म्हणून वर वडा, नूडल्स आणि सुशीला यांत लिंबू आहे. खाण्याबरोबर चहा घेतला तर त्यातलं टॅनिन हेच लोह अडवतं, तेव्हा वडा आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा. सोलापूरकराला हे सांगणं कठीण आहे, तरी ठेवा. सतत थकवा, धाप, फिकट ओठ दिसत असतील तर मात्र स्वयंपाकघरात उपाय शोधत बसू नका, हिमोग्लोबिन तपासून घ्या.

रविवारी करून ठेवायचं

आठवडाभर हे रोज पहिल्यापासून करायला कुणालाच वेळ नसतो. टोमॅटो सॉस फ्रीजमध्ये पाच दिवस राहतो. उकडलेली मटकी दोनच दिवस, तीही पूर्ण निथळलेली. मोड आलेली कच्ची मटकी तीन-चार दिवस चालते, फक्त डब्यात तळाला कापड घाला. मंच्युरियनचे गोळे आप्पेपात्रात अर्धे भाजून, ताटात सुटे गोठवून मग पिशवीत भरा, थेट पिशवीत टाकलेत तर एकच ढेकूळ होतं. वड्याचं सारण गोठवू नका, बटाटा सुटताना पाणी सोडतो. शेंगा चटणी कोरड्या बरणीत तीन आठवडे, ओला चमचा लागला की आठवडाभर. जास्तीचा सॉस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचा असेल तर त्यासाठी जुना ट्रे वेगळा काढा. लसणाचा वास प्लॅस्टिकमधून जात नाही आणि मग सरबतातला बर्फही लसणाचा लागतो.